मांडी घालून

फोटो चांगला आला होता. पडद्यावर तो उमटला तेव्हा महेश्वरीच्या मनात पहिल्यांदा एवढंच आलं, की काय नितळ आलाय! कुठं हललेला नाही, कुठं धुरकट नाही. कंबरेच्या हाडाची दोन्ही पाखं सारखी, माकडहाड बरोबर मध्यावर, डाव्या मांडीच्या हाडाचा गोळा आपल्या खोबणीत जागच्या जागी. फक्त गोळ्याच्या खाली, जिथं हाड मानेसारखं बारीक होतं तिथं, ते तुटून वर सरकलं होतं. ‘मान गेली,’ ती सवयीनं पुटपुटली, आणि पोळी टम्म फुगल्यावर एखादी बाई मनातल्या मनात खूश होते तशी क्षणभर खूश झाली. मग तिला आठवलं की काचेपलीकडं टेबलावर अप्पा निजले आहेत. तिचेच वडील. आणि आपण आत्ता ज्याचं कौतुक केलं ते त्यांचं मोडणं होतं. तिचे कान तापले. काचेतून अप्पांनी तिच्याकडं पाहून हात हलवला, झालं का, असं विचारल्यासारखा, आणि तिनंही हात हलवून झालं म्हणून सांगितलं.

धाराशिवच्या एका लहानशा हाडांच्या दवाखान्यात महेश्वरी चौदा वर्षं हेच करत आली होती. खेड्यांतून येणारी माणसं एक्स-रेला फोटोच म्हणतात, आणि फोटो म्हटलं की बाया गुडघ्याच्या फोटोलासुद्धा पदर नीट करतात, पुरुष मिशीवरून बोट फिरवतात. तिला आधी हसू यायचं, पुढं ते बंद झालं. आपलं चांगलं दिसावं असं माणसाला आतपर्यंत वाटत असेल तर वाटू द्यावं. दिवसभर ती त्या अर्धवट अंधाऱ्या खोलीत उभी राही आणि तिच्यासमोरून माणसं कातडी उतरवून जात. मनगटातले आठ खडे, बरगड्यांच्या वळलेल्या काड्या, पाठीच्या मणक्यांची उतरंड. संध्याकाळी बाजारात भाजी घेताना भाजीवालीनं हात पुढं केला की तिला बांगड्यांच्या आतली हाडं दिसत आणि ती घासाघीस करायची विसरून जाई. लोक म्हणत, मॅडम लई साध्या आहेत. मॅडम साध्या बिध्या काही नव्हत्या, त्यांचं लक्ष नसायचं.

अप्पा म्हणजे पंचाक्षरी. वय अठ्ठ्याहत्तर, माकणीकडच्या एका पुनर्वसित गावात किराणा दुकान. दुकान आता तिचा धाकटा भाऊ रुद्रेश चालवत होता, पण गादी अप्पांचीच होती. पंचावन्न वर्षं ते त्या गादीवर मांडी घालून बसलेले. लहानपणी अप्पांना पाय आहेत हे महेश्वरीला फार उशिरा कळलं. तिला वाटायचं अप्पा कंबरेपर्यंत आहेत आणि खाली गादी आहे. पहाटे लिंगपूजेला मांडी, मग दुकानात मांडी, जेवताना मांडी, पाहुणा आला की त्याच्यासमोर मांडी. आज सकाळी गादीवरून उतरताना पाय पोत्याच्या तोंडात अडकला आणि ते अगदी हळू, कुणीतरी धरून खाली ठेवावं तसे बाजूवर पडले. आवाजसुद्धा झाला नाही, असं रुद्रेश सांगत होता. जीपमध्ये घालून आणेपर्यंत त्यांनी एकदाही आई गं म्हटलं नाही. म्हटलं ते एवढंच, की डाळीच्या पोत्याचं तोंड बांधून ठेवा, उंदीर लागतील.

बाराच्या सुमाराला रणधीर डॉक्टर आले. फोटो पाहिला, मग अप्पांच्या खाटेशी येऊन बसले. चांगला माणूस, पण घाईतला. त्यांच्या पायांना एका जागी थांबायची सवय नव्हती.

‘‘आजोबा, ह्या गोळ्याला आता रक्त पोचत नाही. तो जुळायचा नाही. काढून टाकू आणि धातूचा बसवू. उद्या सकाळी ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी वॉकर धरून चालाल.’’

‘‘आन मांडी?’’ अप्पांनी विचारलं.

‘‘मांडी नाही घालायची. खाली बसायचंच नाही. खुर्ची, पलंग, कमोड. मांडी घातली की गोळा निसटू शकतो.’’

‘‘मंग नगं,’’ अप्पा म्हणाले. एखाद्या फिरत्या विक्रेत्याला सांगावं तितक्या साधेपणानं. डॉक्टरांनी समजावून पाहिलं. पडून राहिलात तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ साठेल, चार-सहा महिने, फार तर. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं मान वळवली. बाहेर येऊन डॉक्टर महेश्वरीला म्हणाले, ‘‘गोळा सोलापूरहून मागवायचाय. पाचपर्यंत सांगा. वडील तुमचे आहेत, मी काय बोलणार.’’ आणि गेले.

रुद्रेश व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. छत्तीस वर्षांचा बाप्या, पण अप्पांच्या समोर त्याचा आवाज अजून फुटायचा नाही.

‘‘ताई, त्येंच्या मनात काय हाय ते तुला कळलं का?’’ तो म्हणाला. ‘‘मातीचं हाय. शिवलिंगप्पाचं बघितलंय त्येनी.’’

‘‘कोण शिवलिंगप्पा?’’

‘‘आपल्या गल्लीतला, तेलवाला. दोन वर्षांखाली गेला बघ. त्येच्या खुब्यात रॉड घातला हुता. गेल्यावर पाय वाकंना. चार माणसं लागली, तरी मांडी बसंना. शेवटी एक पाय तसाच लांब ठिवून कलता बसवला, खड्डा परत खणावा लागला. लोकं अजून बोलत्यात. म्हणत्यात, लोखंड घातलं की माणूस बसत न्हाय.’’ त्यानं आवाज खाली आणला. ‘‘खरं सांगू का, मला बी त्येच भ्याव वाटतंय. अप्पा हायेत म्हणून कवा बोललो न्हाय.’’

त्यांच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, निजवूनही पुरत नाहीत. जीव गेला की घटकाभरात भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, अंग सैल आहे तोवर. दोरीनं आधार देतात. मग तसंच बसलेलं नेतात आणि जमिनीत कोनाडा करून त्यात बसवतात. पाठ ताठ, डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग, भोवती विभूती आणि बेल. पूजेला बसलेला माणूस उठलाच नाही, इतकंच. महेश्वरीनं रुद्रेशला समजावलं. शिवलिंगप्पाचा पाय रॉडमुळं अडला नाही. सोलापूरहून सहा-सात तास त्याला स्ट्रेचरवर सरळ निजवून आणला, तेवढ्यात अंग ताठलं. रॉड नसता तरी ताठलंच असतं. आणि मेलेल्याचा गोळा निसटला तर निसटला, त्याला कुठं चालायचंय? रुद्रेशनं मान हलवली, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. ‘‘हे अप्पास्नी कोण सांगनार?’’ तो म्हणाला. ‘‘बापाला तोंडावर कसं म्हणायचं, की तुमी मरा, आमी बसवतो?’’

ती आपल्या खोलीत गेली. दुपारी पेशंट नव्हते. पडद्यावर अप्पांचा फोटो तसाच होता, तो तिनं बंद केला नाही. खोलीत थंडावा होता आणि यंत्राची बारीक घरघर, आणि ती त्या पांढऱ्या-काळ्या उजेडासमोर उभी राहिली. लातूरला डिप्लोमा करताना शिकवलं होतं, की हाड म्हणजे माणसाच्या आतलं लाकूड नव्हे. हाड जिवंत असतं. त्याच्या पोकळीत रक्त तयार होतं. आपण भाजी चिरतो, भांडतो, झोपतो, आणि आत मांडीच्या, छातीच्या, कंबरेच्या हाडांत रक्त तयार होतच असतं, कुणी न सांगता. कवटी मेंदूला सांभाळते, बरगड्या काळजाला. आणि हे कंबरेचं पसरट हाड, परातीसारखं, पोटातलं सगळं तोलून धरतं आणि वरचा भार खाली दोन पायांत वाटून देतं. माणूस बसतो तेव्हा ह्याच हाडाच्या खालच्या दोन उंचवट्यांवर बसतो. अप्पांचे ते दोन उंचवटे फोटोत दिसत होते. पंचावन्न वर्षांचं दुकान त्यांच्यावर बसलं होतं. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. गार काच लागली.

आणि हाड झिजतं, भरतं. जुनं पोखरून काढणारे निराळे, नवं भरणारे निराळे, आणि दहा-एक वर्षांत सगळा सांगाडा नवा होऊन जातो. शिकवणारे मास्तर हे सांगताना खुशीत हसले होते. महेश्वरीनं मात्र त्या दिवशी वहीच्या कडेला वर्षांचा हिशेब मांडला होता आणि मग खोडून टाकला होता. तो हिशेब आत्ता परत आपोआप मांडला गेला. भूकंपाला तीस वर्षं होऊन गेली. म्हणजे अप्पांची हाडं तीनदा बदलली. ज्या हातांनी त्यांनी आईला दगडांखालून काढलं ते हात आता त्यांच्याजवळ नाहीत. तिचीसुद्धा बदलली; आईनं जिला कडेवर घेतलं होतं ती मुलगी हाडासकट निघून गेली. मग आठवतं ते कुणाला? आपल्या भाषेत म्हणतात, हाडीमाशी खिळलेलं. हाड जर राहतच नाही तर खिळतं कुठं? तिला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटला आणि लगेच फार दुरून आल्यासारखा, झोपेत कुणी विचारल्यासारखा वाटला. ती भिंतीला टेकली.

त्र्याण्णवच्या भूकंपात आई गेली. इरम्मा तिचं नाव. महेश्वरी दहा वर्षांची, रुद्रेश पाच. दोघं मामाकडं आळंदला गेलेली. अप्पा दुकानात झोपत, दुकानावर पत्रे होते म्हणून ते वाचले. दगडी घर आईवर आलं. मुलांना चौथ्या दिवशी आणलं तेव्हा जुनं गाव नव्हतंच. ओला वास होता, तंबू होते, पावसानं भिजलेली माणसं ओळीत उभी होती आणि सगळी माणसं एकसारखी दिसत होती. गावाबाहेरच्या माळावर मोठी काळी जागा होती. मामी रडत तिकडं गेली आणि महेश्वरी तिच्या मागं. राखेत पांढरे तुकडे होते. तिला वाटलं खडू. शाळा पडली म्हणून खडू इथं आले असतील. तिनं एक उचलला. हलका, एका बाजूला गोलसर, बोटाला धूळ लागली. मामीनं तो तिच्या हातून झटकून टाकला आणि तिला मिठी मारली, आणि त्या मिठीत तिला कळलं. ते कुठलं हाड होतं हे तिला पुढं डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात समजलं; ट्रेमध्ये तसंच एक ठेवलं होतं. मनगटातलं. कुणाचं, ते कुणालाच समजणार नव्हतं. तिथं चाळीसजणांना एकत्र जाळलं होतं, पडलेल्या घरांच्या दारा-खिडक्यांवर, घासलेट ओतून. जाळणारे आणि पुरणारे असा फरक करायला कुणाला सवड नव्हती.

ह्याबद्दल अप्पा कधी बोलले नाहीत. तिनं विचारलं नाही. दुकान पुन्हा उभं राहिलं, गादी पुन्हा घातली गेली, अप्पा तिच्यावर बसले. महेश्वरीनं जन्मभर हाडं पाहायचं काम घेतलं आणि ते पोटापाण्यासाठी घेतलं असं सगळ्यांना सांगितलं, स्वतःलाही. आता ती अप्पांच्या मोडलेल्या हाडासमोर उभी होती आणि तिला एकदम फार स्पष्ट कळलं, की आपल्याला ते मरायला नको आहेत. इतकं साधं होतं ते. पडद्यावरचं घड्याळ चार वाजून दहा मिनिटं दाखवत होतं. ती खोलीबाहेर पडली.

अप्पांच्या पायाला पट्टा बांधून खाटेच्या टोकाशी वजन लटकवलं होतं. खिडकीतून ऊन पलंगपोसावर आलं होतं. ते जागे होते. तिनं स्टूल ओढलं, पण बसली नाही.

‘‘अप्पा, बोलायचंय. वाईट वाटून घेऊ नका.’’

‘‘बोल की.’’

‘‘ऑपरेशन करून घ्या. मातीचं भ्याव धरू नका. तुम्ही गेलात तर मी घटकाभरात येईन, कुठंही असले तरी. तुम्हाला निजवू देणार नाही कुणाला. मी बसवीन, माझ्या हातानं. धातूचा गोळा असला तरी पाय वाकतो. निसटला तर निसटू दे. तुम्हाला नीट मांडी घालून बसवल्याशिवाय मी माती टाकू देणार नाही.’’ असलं बोलणं तिनं आयुष्यात कुणाशी केलं नव्हतं. ‘‘खड्ड्यात उतरायला बाईला अडवलं तर अडवू देत. मी उतरणार.’’

अप्पांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, नवल होतं थोडं.

‘‘मला ठाऊक हाय पाय वाकतो त्ये,’’ ते म्हणाले. ‘‘शिवलिंगप्पाला आंगूळ म्याच घातली. उशीर केला पोरांनी.’’

‘‘मग डॉक्टरांना मांडीचं का सांगितलंत?’’

‘‘डॉक्टरला आनि काय सांगायचं?’’ त्यांनी पलंगपोसावरच्या उन्हात हात ठेवला. ‘‘म्या बसायचं, व्हय? लोकं येनार, बेल आननार, पंचाक्षरी कसा झ्याक बसलाय म्हननार. आन तिला?’’

‘‘आईला?’’ तिनं विचारलं.

‘‘तिसऱ्या दिवशी दुपारी सापडली. आंग सैल पडलं हुतं तिचं. सहज बसली आसती. लाकडं रचनाऱ्या पोरांनी मला इचारलं, काका, ह्ये तुमचं मानूस का? म्या मान हलवली. म्हनलं न्हाय, की थांबा, आमच्यात जाळत न्हाईत. येक खड्डा खनायला किती येळ लागतो? दोन तास. दोन तास न्हवते माझ्याकडं?’’ त्यांना श्वास चढला होता. ‘‘लई हुते, माय. पुढची तीस वर्सं हुती.’’

बाहेर कुणीतरी फरशी पुसत होतं, बादली सरकल्याचा आवाज आला.

‘‘ती आडवी गेली,’’ अप्पा म्हणाले. ‘‘म्या बी पडूनच जातो. मला बसवू नका. जाळा. रुद्रेशला सांगायचा धीर हुईना. तुला सांगतो.’’

महेश्वरीला वाटलं आपण ह्या माणसाला आजवर पाहिलंच नव्हतं. पंचावन्न वर्षं गादीवर बसलेला हा माणूस तीस वर्षं आतून उभा होता, एका माळावर, कुणीतरी काहीतरी विचारलेलं, आणि मान हलवून चुकलेला. तिला रडू आलं नाही. स्टूल जवळच होतं, पण ती खाली फरशीवर बसली, खाटेशी, आणि बसताना आपोआप मांडी घातली गेली. कितीतरी वर्षांनी. खुब्यात कळ आली. अप्पांचं तोंड आता तिच्या तोंडापेक्षा थोडं वर होतं. ते उशीवरून मान वळवून खाली पाहू लागले, आणि पाहता पाहता त्यांच्या डोळ्यांतलं काहीतरी सरकलं.

‘‘नेट्टग कुंद्रु,’’ ते म्हणाले.

नीट बस, ताठ बस. कानडी होतं ते. घरात कानडी फक्त आई-अप्पा एकमेकांशी बोलत. आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून महेश्वरीनं कानडीचा एक शब्दही ऐकला नव्हता. तिनं पाठ ताठ केली, एकेक मणका दुसऱ्यावर ठेवत, खालून वर.

‘‘पाय आत घे. हां. खांदे ढिले सोड.’’

तिनं सोडले.

‘‘डावा हात मांडीवर. तळवा वर कर.’’

तिनं तळहात उघडला. तो रिकामा होता. त्यानं काही बिघडलं नाही. अप्पा त्या तळव्याकडं त्यात काहीतरी ठेवलेलं असल्यासारखे पाहत राहिले. मग त्यांनी खाटेवरून हात लांबवला. वजनाची दोरी करकरली, त्यांच्या कपाळावर घाम फुटला, पण त्यांनी हात मागं घेतला नाही. त्यांची बोटं तिच्या हनुवटीखाली आली आणि तिची मान त्यांनी किंचित वर उचलली, फार हळू, झोपलेल्याला जाग येऊ नये अशी. मग कपाळावर अंगठा टेकवून विभूती लावावी तसा आडवा ओढला, डावीकडून उजवीकडं. तिनं डोळे मिटले. कपाळाच्या हाडावर त्यांच्या बोटाचं हाड होतं, मध्ये कातडीचे दोन पातळ थर. ती हलली नाही. आपण ह्या क्षणी कोण आहोत हे तिला माहीत होतं आणि तिची हरकत नव्हती. फरशीचा गारवा वर चढत होता, ऊन सरकून तिच्या खांद्यावर आलं होतं, आणि किती वेळ गेला ह्याचा तिला पत्ता लागला नाही. अप्पा काहीतरी पुटपुटत होते. शब्द कळत नव्हते, आवाज कळत होता. मग आवाज थांबला.

तिनं डोळे उघडले तेव्हा त्यांच्या गालांवरून पाणी उशीत उतरत होतं, आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

‘‘बसली,’’ अप्पा म्हणाले. ‘‘आता तू ऊठ, आन त्या डॉक्टरला बोलीव.’’